बाईंचं टेंगूळ

“बाई, तुमचं टेंगूळ गेलं,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी चहाचा कप हातातच धरला होता आणि डोळे पडद्यावरच होते.

तिचा हात नकळत कपाळाकडे गेला. डॉक्टर हसले. ते काही खरे डॉक्टर नव्हते. प्रयोगशाळेतली यंत्रे उघडायची, पुसायची, पुन्हा बसवायची, हे त्यांचे काम. कुठल्याही यंत्राला कान लावून ते त्याचे दुखणे सांगत, म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. “कपाळावरचं नाही हो. इथलं,” त्यांनी पडद्यावरच्या रेघेवर बोट टेकवले. “इथं असायचं ना नेहमी, एवढंसं. बरेच दिवस झाले, दिसत नाही. आधी वाटलं यंत्रच बिघडलं. मग म्हटलं, तुम्हालाच विचारावं.”

“काय असायचं?”

“तुमचं टेंगूळ.” तिच्या चेहऱ्याकडे बघून ते जरा गडबडले. “म्हणजे तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

रोज सकाळी, दिवसभराच्या दारूच्या बाटल्या तपासायला घेण्याआधी, ती एक कोरा नमुना लावत असे. सगळे त्याला ब्लँक म्हणत. काचेच्या छोट्या कुपीत शुद्ध अल्कोहोल आणि शुद्ध पाणी, बाकी काही नाही. तोंडावर रबराची चकती, वर पत्र्याचे टोपण. यंत्र ती कुपी ऊब देऊन तापवते, वर साचलेली वाफ सुईने ओढून घेते आणि केसाएवढ्या बारीक, वेटोळे घातलेल्या लांबच लांब नळीतून सोडते. वाफेत जे जे असेल ते ते आपापल्या चालीने चालत दुसऱ्या टोकाला येते, कुणी लवकर, कुणी उशिरा, आणि जे आले त्याच्या जागी पडद्यावरची रेघ उंच होते. हिरव्या सफरचंदासारखा वास येणारे सगळ्यांत आधी, मग नखांच्या रंगासारखा वास येणारे, मग ते मिथेनॉल, ज्याला फारसा वासच नाही आणि जे माणसाचे डोळे नेते. नंतर जड अल्कोहोले, पिकल्या केळ्यासारखे एक, आणि अगदी शेवटी, सगळे येऊन गेल्यावर, गुलाबाच्या वासाचे. कोऱ्या नमुन्यात यातले काहीच नसावे. एक अल्कोहोलाचा सुळका, आणि पुढे रेघ कशी, पुसलेल्या पाटीसारखी. इतकी वर्षे ती हेच बघत आली होती आणि मनातल्या मनात हात जोडून पहिली बाटली उघडत होती.

“तुम्ही लांबून बघता,” डॉक्टर सांगत होते, “जे मोजायचं तेवढं. मी रोज रेघ ताणून मोठी करतो. यंत्राची तब्येत तिथं कळते. दुसऱ्या कुणी ब्लँक लावला की साफ. तुम्ही लावला की गुलाबाच्या जरा आधी एवढंसं टेंगूळ. तुम्ही रजेवर गेलात की नाही. आलात की आहेच.”

“आणि मला कुणी बोललं नाही.”

“बोलायचं काय त्यात? आपण जे मोजतो त्यात ते कुठंच येत नव्हतं. कुणाच्या बाटलीला त्याचा त्रास नाही.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “आणि सवय झाली होती हो. सकाळी दिसलं की वाटायचं, चला, बाई आल्या.”

तिने मान हलवली. एवढ्यात कुणीतरी डॉक्टरांना हाक मारली. जाता जाता ते म्हणाले, “दुपारी हा जुना कॉम्प्युटर न्यायला माणसं येणार आहेत. नमुन्यांचे निकाल सगळे नव्यात घेतलेत. ब्लँक तेवढे नाही घेतले. कोरं काय जपायचं? तुम्हाला काही हवं असेल तर जेवायच्या सुट्टीपर्यंत सांगा. मग ते पुसून टाकतील.”

ती उभीच राहिली. यंत्राच्या आतला पंखा घुमत होता. गुलाबाच्या जरा आधी. केळ्याच्या बऱ्याच नंतर आणि गुलाबाच्या जरा आधी काय येते, हे कुणालाही विचारायची तिला गरज नव्हती. नाकाला आठवण करून द्यावी लागते तशी तिने डोळे मिटून श्वास घेतला, आणि इथे, या पुसलेल्या, थंड खोलीत, जिथे वास हा शत्रू मानला जातो, तिला आईच्या गुडघ्यांचा वास आला. उग्र, गोडसर, औषधाच्या दुकानाच्या दारात उभे राहिल्यासारखा. गुडघ्याचे तेल. मग उजवा अंगठा वर करून ती त्याच्याकडे बघत राहिली. हातमोजे सगळेच घालतात, तीही घालायची, पण कुपीच्या टोपणात रबराची चकती दाबून बसवताना उजव्या हाताचा मोजा ती काढायची. मोज्यातून चकती नीट बसली की नाही ते कळत नाही. उघड्या अंगठ्याला कळते. ज्यांच्या हाताखाली ती शिकली त्या बाई तसे करत, तेव्हा तर मोजेच नव्हते. तो अंगठा ती साबणाने तीनतीनदा धुवायची. तेल त्याच्या रेघांत बसून राहायचे आणि चकतीच्या रबरात जायचे. वर्षानुवर्षे, रोज, ती आईचे गुडघे कुपीत घालून यंत्राला देत होती, आणि यंत्र इमानाने सांगत होते.

हसू आले तिला. आईला सांगायला हवे, असे वाटले, आणि वाटून झाल्यावर ते नेहमीचे, पायरी चुकल्यासारखे झाले. आईला हे फार आवडले असते. तिच्या नोकरीची आईला भारी गंमत. शेजारच्या कुणी विचारले, मुलगी काय करते, की आई गंभीर चेहऱ्याने सांगायची, “बाटल्यांची नाडी बघते.” नोकरी लागली त्या दिवशी काका म्हणाले होते, देवाधर्माची पोरगी, आणि दारूच्या वासात उभी राहणार? तिला रडू आले होते. आई म्हणाली, “अहो, न पिणाऱ्यालाच बसवतात तिथं. पिणाऱ्याला बसवलं तर तपासायला उरेल काय?” नंतर रात्री अंथरुणात आईने तिला हळूच विचारले होते, “खरंच डोळे जातात का गं, वाईट बाटलीनं?” जातात, ती म्हणाली होती. “मग तू डोळे राखायला जातेस असं समज,” आई म्हणाली आणि कुशीवर वळली. तेवढ्यावर इतकी वर्षे निघाली. सकाळी दिव्यापुढे बसले की तिच्या मागण्यात हे एक मागणे असे, की आज माझ्या हातून कुणाचे डोळे सुटू नयेत.

आई स्वतः देवाची फारशी नव्हती. “तुझ्या देवाला रविवारची सुट्टी तरी देत जा,” म्हणायची. पण मुलीचे नेम तिने कधी मोडू दिले नाहीत. पहाटे उठून अंघोळ, दिवा, तोंडातल्या तोंडात पाठ, तोवर बोलायचे नाही. हे बोलायचे नाही आईला जड जाई. ती पलंगावर पडल्या पडल्या एकटीच बोलत राही, भिंतीला, खिडकीला, उशीला. “अगं उशी, आमच्या बाईसाहेबांचं झालं का बघ.” पाठ संपला की चहाच्या आधी गुडघे. आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा तिने हाही नेमच मानला. पलंगाच्या कडेला बसायचे, तेल तळहातावर घेऊन कोमट करायचे, आधी डावा, कारण डावा जास्त हट्टी, मग उजवा. गुडघ्याची वाटी अंगठ्याखाली हलायची, आतून वाळू चावल्यासारखा आवाज यायचा. आई डोळे मिटून म्हणायची, “तिथं. नाही, वर. हां, तिथंच बसलाय मेला.” खिडकीतून उजाडत असायचे. पलीकडच्या इमारतीत कुणाच्या तरी नळाचे पाणी बादलीत पडायचे. त्या दोघी तेव्हा काही महत्त्वाचे बोलायच्या नाहीत. दूधवाला, वरच्या मजल्यावरचे भांडण, तिच्या लहानपणचा एखादा फ्रॉक. आता वाटते, जे काही बोलून झाले आयुष्यात ते तेव्हाच बोलून झाले.

शेवटी शेवटी आईला उठून बसता येईना. गुडघ्यांनी तर चालणे केव्हाच सोडले होते. त्यांना चोळून आता काय मिळणार, असे औषध देणारा म्हणाला होता. आईने त्याला विचारले, “तुम्ही चोळून घेतलंय का कधी कुणाकडून?” आणि तो हसला होता. तिचा नेम चालूच राहिला. पहाटेचे दोन गुडघे, हलके, पक्ष्याच्या हाडांसारखे.

आणि मग तो दिवस. त्या दिवसाचे तिला दुपारपासूनचे सगळे आठवते. टेबलावर फोन वाजला, आईला सांभाळणाऱ्या बाईंचा आवाज, जिन्यातला कठडा, रिक्षावाल्याने दोनदा विचारलेला पत्ता. पण त्या दुपारच्या आधीचे काही नाही. सकाळच्या जागी नुसते पांढरे. आदल्या रात्री कुठल्याशा वस्तीत काही माणसे पिऊन आजारी पडली होती, बाटल्या आल्या होत्या, दवाखान्यात लोक निकालासाठी थांबले होते आणि तिला नेहमीपेक्षा लवकर बोलावले होते, एवढे ठाऊक आहे. पण हे ठाऊक आहे, आठवत नाही. ती घरातून कशी निघाली, आईला काय म्हणाली, आई काय म्हणाली, काही नाही.

सगळे उरकल्यावर बहीण आली होती. धाकटी, लांबच्या गावी असते, वेळेवर पोचू शकली नाही. रडून रडून चेहरा सुजलेला. आईच्या रिकाम्या पलंगावर बसून तिने विचारले होते, “ताई, त्या दिवशी सकाळी तू गुडघे चोळून दिले होतेस ना तिचे?” विचारण्यात काही नव्हते. कुणाच्यातरी हाताखाली आई शेवटची सुखावली असावी, एवढेच तिला हवे होते. आणि ती म्हणाली होती, “हो.” बहिणीने डोळे पुसले. “बरं झालं बाई. निदान तू होतीस.” तो हो तोंडातून गेला आणि गेल्यावर तिला कळले की हे आपल्याला ठाऊक नाही. घाईने निघालो असू. उशीर झाला म्हणून दारातूनच सांगितले असेल, आज राहू दे गं आई, आल्यावर. तसे म्हणाल्याचा आवाज कधी कधी कानात येई, आणि तो खरा की मनाने रचलेला ते कळत नसे. तेव्हापासून पहाटे पाठाला बसले की ओळ मध्येच तुटे. दिव्यापुढे तिने हजारदा विचारले असेल. दिवा जळत राही. देव असल्या गोष्टी सांगत नाही, सांगू नयेतही. बहिणीचा फोन आला की ती इकडचे तिकडचे बोले आणि लवकर ठेवून देई. बहिणीला ते जाणवत होते. परवा म्हणाली, “ताई, तू माझ्यावर रागावलीस का, मी आले नाही म्हणून?” नाही गं, ती म्हणाली होती, पण आवाजात काही नव्हते, रिकाम्या डब्यात बोलल्यासारखा आवाज. दोघीच उरल्या होत्या आता, आणि मध्ये हा एक हो पडला होता.

आज डॉक्टर चहाचा कप हातात धरून म्हणत होते, तुम्ही लावला की आहेच.

म्हणजे त्या दिवशीही असणार. किंवा नसणार. त्या दिवशी सकाळी, त्या बाटल्यांच्या आधी, तिने ब्लँक लावलाच असणार. आकाश कोसळले तरी ब्लँक लावल्याशिवाय ती बाटली उघडत नाही. ती आजच्या कामाला लागली, बाटल्यांचे क्रमांक लावले, कुपी भरल्या. उजव्या हाताचा मोजा काढायला गेली आणि थांबली. आज सकाळी या हातांनी काहीच चोळले नव्हते. तरी तिने मोजा तसाच ठेवला आणि चकती मोज्यावरूनच दाबली. बसली की नाही, कळले नाही. पुन्हा दाबली. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, “बाई, आज दोन्ही हातांना मोजे? सूर्य कुठून उगवला?” ती म्हणाली, “सवय लावून बघते.” खिडकीखाली हमालाची गाडी उभी राहिल्याचा आवाज आला. माणसे आली की काय. न बघितले तर? न बघितले तर तो हो जसा आहे तसा राहील, थोडा खरा थोडा खोटा, बहीण त्यावर टेकून झोपेल. बघितले आणि तिथे रेघ सपाट असली, तर? मग त्या घरात, त्या पलंगावर, त्या पहाटे, कुणाचाही हात न लागलेले दोन गुडघे कायमचे राहतील. आणि ते राहिलेच असतील तर न बघितल्याने ते राहायचे थांबतात थोडेच. चोळले असतील तर बघायला भीती नको. नसतील तर खोट्या ‘हो’वर बहिणीला टेकवून ठेवायचा तिला काय अधिकार? दुसऱ्याच्या बाटलीबद्दल ती असे कधीच म्हणाली नसती, की न तपासलेले बरे.

जेवायच्या सुट्टीला थोडा वेळ होता. ती डॉक्टरांना शोधत गेली. ते जुन्या कॉम्प्युटरच्या तारा गुंडाळत बसले होते. “एक ब्लँक बघायचा होता,” ती म्हणाली आणि तारीख सांगितली. डॉक्टरांनी मान वर केली. ती तारीख त्यांनाही ठाऊक होती. घरी आले होते ते. त्यांनी काही न विचारता गुंडाळलेली तार पुन्हा सोडवली, लावली. पडदा उजळायला वेळ लागला. ती त्यांच्या खुर्चीच्या मागे उभी राहिली, हात जोडल्यासारखे पोटाशी धरून.

रेघ आली. अल्कोहोलाचा सुळका, आणि मग लांब पांढरी वाट. डॉक्टरांनी ती ताणली. अजून ताणली. गुलाबाच्या जरा आधीच्या जागेवर त्यांनी रेघ आणून थांबवली.

सपाट होती.

तिने बघितले, नीट बघितले, दुसऱ्याच्या नमुन्याकडे बघते तसे. काही नव्हते. “नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच फार साधा वाटला. बस, एवढेच ठाऊक करून घ्यायचे होते. आज राहू दे गं आई, आल्यावर. म्हणजे तो आवाज खराच होता.

“थांबा जरा,” डॉक्टर म्हणाले. ते रेघ मागे मागे सरकवत होते. “हे काय आहे? हे कधी नसतं तुमचं.” गुलाबाच्या पुष्कळ अलीकडे, जिथे त्यांच्या कुठल्याच कोऱ्या नमुन्यात कधी काही येत नाही, तिथे एक बारीक, नेटके टेंगूळ होते. “हे ते टेंगूळ नाही. पण ही जागा मी बघितलीय कुठंतरी.”

तिनेही बघितली होती. पुदिन्याच्या वासाची गोड दारू तपासायला येते, तेव्हा तिथे सुळका उभा राहतो. “मेंथॉल,” ती म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून निघता निघता थंड पडला, तिच्या उजव्या कानशिलावर, आत्ता लावल्यासारखा.

त्या पहाटे खोली अंधारी होती. दिवा तेवढा जळत होता. आदल्या दिवशी तिचा उपास होता, आणि उपासाच्या दुसऱ्या दिवशी तिचे डोके हमखास चढे. पाठ कसाबसा उरकून ती पर्स खांद्याला लावून आईच्या खोलीच्या दाराशी आली. आज राहू दे गं आई, आल्यावर चोळते, उशीर झालाय, माणसं दवाखान्यात पडलीत. आणि आई अंधारातून म्हणाली, “गुडघे कुठं पळून जातात? तू इकडं ये. डोकं चढलंय तुझं, आवाजावरून कळतं.” नको गं, उशीर होतोय. “उपाशी मरशील आणि मग माझ्या डबीवर डोळा ठेवशील. ये म्हणते ना.” उशीखालची ती काचेची छोटी डबी, कपाळाच्या बामची, जिचे झाकण आईला आता उघडत नसे. तिनेच उघडून दिली. मग आईचे बोट, वाळलेले, थरथरणारे, डबीत बुडून वर आले, आधी हवेत चुकले, मग सापडले. कानशिलावर गोल, गोल, अगदी हलके. “इथं ना?” हो. “इथंच बसतंय तुझं. लहानपणापासून. पडली होतीस इथंच.” ती डोळे मिटून होती. किती वेळ, कुणास ठाऊक. मग आई म्हणाली, “जा आता. लोकांचे डोळे बघ.” रिक्षात तिने दोनतीनदा अंगठा कानशिलावर दाबला असेल. डोके दुखले की दाबतोच आपण.

“ठेवू का हा?” डॉक्टर हळूच विचारत होते. “काढून देतो, कागदावर पाहिजे तर.”

“नको,” ती म्हणाली. “कोरं कोण जपतं?” मग म्हणाली, “डॉक्टर, माझं डोकं दुखत असलं तर माझ्या हातचा ब्लँक घेत जाऊ नका.” ते हसले आणि पुन्हा तार गुंडाळायला लागले.

ती जिन्यात गेली. सुट्टीची वेळ, खालून डबे उघडल्याचे आवाज येत होते. तिने बहिणीला फोन लावला. बहीण दचकलीच, या वेळी कधी फोन नसतो. “काय गं ताई? बरी आहेस ना?”

“बरी आहे. ऐक. मी तुला खोटं सांगितलं. त्या दिवशी सकाळी मी तिचे गुडघे चोळले नव्हते. घाईत होते. राहिले.”

पलीकडे भांड्यात पळी ठेवल्याचा आवाज आला. मग बहीण म्हणाली, “असू दे गं. एक दिवस.” तिचा आवाज भरला होता, पण राग नव्हता त्यात. “मग निघताना तिला भेटलीस तरी का?”

“माझं डोकं दुखत होतं. तिनं बाम लावून दिला.”

“तिनं? तुला?” बहीण म्हणाली. “ताई, तिला तर उठून बसता येत नव्हतं.”

“नव्हतंच येत,” ती म्हणाली. “मी वाकले होते.”